तुमचं मराठी छान आहे हो!

जपानमध्ये परदेशी माणसाने नुसतं 'कोन्निचिवा' म्हटलं तरी समोरचा डोळे मोठ्ठे करून म्हणतो, "निहोंगो जोझु देस् ने!" म्हणजे 'तुमचं जपानी छान आहे हो!' पहिल्यांदा ऐकलं की अंगावर मूठभर मांस चढतं. दहाव्यांदा शंका येते. शंभराव्यांदा कळून चुकतं की ही शाबासकी नाही, हा नुसता नमस्कार आहे. तिथल्या परदेशी लोकांत तर असं म्हणतात की ज्या दिवशी तुमच्या जपानीचं कौतुक बंद होतं, त्या दिवशी तुम्हाला खरंच जपानी यायला लागलेलं असतं.

हे ज्ञान मला दिलं कॉलेजातल्या एका मैत्रिणीने. मूळची डोंबिवली पूर्वेची. इंजिनिअर झाली, दोन वर्षं कोडिंग केलं, वैतागली, आणि आता जपानमधल्या एका छोट्या गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवते. वर्गात जपानी शिक्षकाच्या जोडीला उभ्या राहणाऱ्या अशा परदेशी शिक्षकांना तिकडे 'एएलटी' म्हणतात. जपान सरकारची 'जेट' नावाची योजना १९८७ पासून असे शिक्षक आणते आहे, शिवाय खाजगी कंपन्यांमार्फतही येतात. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. त्यामुळे शनिवारी माझा सकाळचा चहा आणि तिचं दुपारचं जेवण अशा मुहूर्तावर आमच्या गप्पा होतात, आणि दर वेळी भाषेचा एखादा तरी किस्सा निघतोच.

पहिली गंमत गावाच्या नावाची. जपानीत 'ल' आणि 'र' वेगळे नाहीत, 'व'चा बहुतेक वेळा 'ब' होतो, आणि 'न्' सोडला तर सुटं व्यंजन चालत नाही, त्याला स्वराची शेपटी लावावी लागते. त्यामुळे 'डोंबिवली'चं साधारण 'दोन्बिबुरी' होतं. आता जपानीत 'दोन्बुरी' म्हणजे भातावर कालवण-बिलवण घालून देतात तो वाडगा. मुलांनी एकदा ऐकलं ते ऐकलं, वर्गात पिकला हशा! डोंबिवलीकरांनो, जपानमध्ये आपण सगळे वाडग्यातून आलेलो आहोत, बरं का.

दुसरी गंमत 'सेन्सेई'ची. म्हणजे सर किंवा बाई. जपानीत स्वतःच्या नावाला 'सान' लावायचं नसतं, तो मान दुसऱ्याला द्यायचा. (आपल्याकडे फोनवर 'हॅलो, मी कुलकर्णी सर बोलतोय' सर्रास चालतं!) पण लहान मुलांच्या वर्गात मात्र शिक्षक स्वतःला 'मी' न म्हणता 'सेन्सेई' म्हणतात. आपल्या बालवाडीतल्या बाई नाही का म्हणायच्या, "बाई आता रागावणार हं!" अगदी तस्सं.

तिसरी गंमत मला सगळ्यात आवडली. घरातून बाहेर पडताना जपानी माणूस म्हणतो, "इत्ते किमास." शब्दशः अर्थ, 'जाऊन येतो'. आणि घरातले म्हणतात, "इत्तेराश्शाइ." म्हणजे 'जाऊन ये'. 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे आजीने आपल्याला लहानपणी बजावलेलं असतं ना? इंग्रजी पुस्तकांत या एका शब्दासाठी परिच्छेदभर स्पष्टीकरण असतं. मराठी माणसाला ते लागतच नाही.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. 'तोंदे मिरु' म्हणजे उडून बघणे. 'काते ओकु' म्हणजे... नाही, उदाहरणं खाण्याचीच घेऊ, लवकर कळतील. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणे. यातला 'मिरु' म्हणजे बघणे. 'त्सुकुत्ते ओकु' म्हणजे करून ठेवणे, 'ओकु' म्हणजे ठेवणे. 'ताबेते शिमात्ता' म्हणजे खाऊन टाकलं. खाण्याचा आणि बघण्याचा तसा काय संबंध? पण आपण दोघेही 'खाऊन बघतो'! क्रियापद शेवटी, 'घरात', 'घरून'सारखे शब्दाला मागून चिकटणारे प्रत्यय, हेही दोन्हीकडे आहेच. कॉलिन मसिका नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९७६ साली एक अख्खं पुस्तक लिहून दाखवलं की अशा प्रकारची वैशिष्ट्यं भारतीय भाषांपासून मध्य आशियामार्गे थेट जपान-कोरियापर्यंत कशी पसरलेली आहेत. त्यांची बाराखडी तर पाहाच. आ, इ, उ, ए, ओ, आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. क्रम ओळखीचा वाटतोय? वाटणारच. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतची वर्णमाला चीनमार्गे जपानला गेली, तिच्यावरून ही मांडणी आली.

म्हणजे मराठी माणसाला जपानी सोपं आहे? छे हो! नेहमीच्या वापरातल्या कांजी अक्षरांची सरकारी यादीच २,१३६ अक्षरांची आहे. त्यात 'हाय' म्हणजे 'हो', असं पुस्तकात लिहिलेलं, पण प्रत्यक्षात 'हाय' म्हणजे बऱ्याचदा 'ऐकतोय, बोला पुढे'. जपानी क्लायंटबरोबर काम केलेल्या आयटीवाल्यांना हे विचारा. अख्खा कॉल समोरून 'हाय, हाय' येत राहतं, इकडे टीमला वाटतं रिक्वायरमेंट फायनल झाली, आणि तिकडे कुणीच काही मान्य केलेलं नसतं. 'केंतो शिमास' म्हणजे 'विचार करतो' म्हणाले, तर समजायचं विषय संपला. (आपल्याकडे आई 'बघू' म्हणायची, त्याचा अर्थ काय होता ते आठवा.)

तर इतकं सगळं असूनही ही पोरगी तीन वर्षांत पोस्टात, मासळीवाल्याकडे, पालकसभेत व्यवस्थित जपानी बोलते. मी विचारलं, कसं काय जमवलंस? मला वाटलं ॲपचं नाव सांगेल. तर ती म्हणाली, "अरे, इलाजच नव्हता. मी अडखळले तरी कुणी मला इंग्रजीत वाचवायला आलंच नाही. हळू बोलायचे, परत बोलायचे, हातवारे करायचे, चित्र काढून दाखवायचे. पण जपानीतच!"

हे वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलंय. कारण आपल्याकडे बरोब्बर उलटं होतं.

ते सांगण्याआधी आपल्याच भागातल्या एका माणसाची गोष्ट. योगेंद्र पुराणिक. जन्म १९७७, गाव अंबरनाथ. पुण्यात शिकताना जपानी भाषा शिकले, १९९७ मध्ये विद्यार्थी म्हणून जपानला जाऊन आले, २००१ पासून तिकडे इंजिनिअर म्हणून नोकरी. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखाच आयटीवाला. राहायला तोक्योच्या एदोगावा वॉर्डात, जिथल्या निशि-कासाई स्टेशनच्या आसपास भारतीयांची मोठी वस्ती आहे. २०१२ मध्ये त्यांनी जपानी नागरिकत्व घेतलं. एप्रिल २०१९ मध्ये ते एदोगावा वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले, ६,४७७ मतं मिळवून. आपल्याकडे नगरसेवक म्हणतात, तसंच पद. जपानमध्ये निवडणूक जिंकणारे पहिले भारतीय म्हणून तेव्हा पेपरात बातम्या झळकल्या. २०२१ मध्ये तोक्यो महानगराच्या विधानसभेची निवडणूक लढवली, ती हरले. आणि मग इबाराकी प्रांताने सरकारी शाळांसाठी बाहेरच्या क्षेत्रांतले लोक जाहिरात देऊन मुख्याध्यापक म्हणून घ्यायचं ठरवलं, त्यातून त्यांची निवड झाली. २०२२ मध्ये त्सुचिउरा इथल्या नामांकित सरकारी हायस्कुलात उपमुख्याध्यापक, २०२३ मध्ये मुख्याध्यापक. अंबरनाथचा मुलगा जपानी सरकारी शाळेत 'कोचो सेन्सेई'!

आता विचार करा. मुख्याध्यापकाचं काम काय? भाषणं करायची, पालकांची समजूत काढायची, शिक्षकांच्या कुरबुरी ऐकायच्या. सगळं भाषेचंच काम. मतं मागणं तर त्याहून. या माणसाने कितीही मेहनत घेतलेली असो, वीसेक वर्षं आजूबाजूच्या हजारो जपानी लोकांनी त्याचं मोडकंतोडकं, मग बरं, मग चांगलं जपानी ऐकून घेतलं, हेही तितकंच खरं आहे. भाषा शिकणं हे एकट्या शिकणाऱ्याचं काम नसतं. ऐकणाऱ्यालाही त्यात अर्धा वाटा उचलावा लागतो.

जपानला हे शहाणपण फुकटात मिळालेलं नाही. १७ जानेवारी १९९५ ला कोबे परिसरात भूकंप झाला, सहा हजार चारशेहून जास्त माणसं गेली. त्या वेळी एक गोष्ट ठळकपणे लक्षात आली. तिथल्या अनेक परदेशी लोकांना रेडिओ-टीव्हीवरच्या सूचना कळतच नव्हत्या. इंग्रजीत सांगून भागणार नव्हतं, कारण कितीतरी जणांना इंग्रजीही येत नव्हतं. आणि पन्नास भाषांत सांगायला वेळ कुणाकडे होता? हिरोसाकी विद्यापीठातल्या सातो काझुयुकी या भाषाशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून एक साधी कल्पना पुढे आणली, 'यासाशी निहोंगो', म्हणजे सोपी जपानी. छोटी वाक्यं, रोजचे शब्द, अवघड कांजीच्या डोक्यावर उच्चार लिहिलेला. 'ताकादाइ नि हिनान शिते कुदासाइ' असं जड वाक्य असेल तर त्याऐवजी 'ताकाइ तोकोरो नि निगेते कुदासाइ', म्हणजे 'उंच जागी पळा'. पुढे ही पद्धत वॉर्ड ऑफिसांच्या नोटिसांत, शाळांच्या पत्रांत शिरली. २०२० मध्ये तर जपान सरकारनेच तिची मार्गदर्शक पुस्तिका काढली. १ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला तेव्हा एनएचके वाहिनीच्या पडद्यावर मोठ्या अक्षरात, लहान मुलालाही वाचता येईल अशा लिपीत, एवढंच होतं: 'त्सुनामी! पळा!'

म्हणजे जपान स्वर्ग आहे का? अजिबात नाही. परदेशी म्हणून घर नाकारलं गेल्याचे किस्से तिथे राहिलेल्या कुणाकडूनही ऐका. 'जोझु देस् ने' हे कौतुकही एक प्रकारचं कुंपणच आहे, 'तुम्ही बाहेरचे' हे गोड शब्दांत सांगणारं. जुलै २०२५ मध्ये तिथल्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत 'जपानी प्रथम' म्हणणाऱ्या सानसेइतो पक्षाने १४ जागा जिंकल्या. म्हणजे बाहेरच्यांबद्दलची अस्वस्थता तिकडेही आहेच. पण भाषा या एका बाबतीत त्यांची रीत मला पटते. भाषा आमचीच बोला, मोडकी असली तरी चालेल, आम्ही थांबू. आमची भाषा आम्ही तुमच्यासाठी सोपी करू, पण सोडणार नाही.

आता या आपल्या ठाणे-डोंबिवलीत.

माझ्या ऑफिसातला एक सहकारी तमिळनाडूचा. घोडबंदर रोडला सहा वर्षं राहतो. त्याला मराठी शिकायचं होतं, मनापासून. वही केली, गाणी ऐकली, मला छळलं. त्याचा अनुभव असा की त्याने मराठीत सुरुवात केली की दुसऱ्या वाक्याला समोरचा हिंदीत जातो. रिक्षावाला, बँकेतला कारकून, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळे मराठी, सगळे हिंदीत. चांगुलपणानेच हो! 'बिचाऱ्याला कशाला त्रास?' म्हणून. काही ठिकाणी हसले. 'मी उद्या येतील' म्हणाला म्हणून त्याची मिमिक्री झाली. आणि २०२५ मध्ये मीरा रोडला मराठी बोलण्यावरून दुकानदाराला मारल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. तेव्हापासून त्याने मराठी बोलायचा प्रयत्नच सोडून दिलाय. म्हणाला, "हिंदीत बोललो तर कदाचित कुणी ओरडेल. पण मराठीत चुकलो तर हसतील, आणि कुणी व्हिडिओ काढला तर? त्यापेक्षा इंग्रजी बरं. इंग्रजी बोलणाऱ्याला कुणीच काही म्हणत नाही."

शेवटचं वाक्य परत वाचा. झोंबलं ना? मलाही झोंबलं.

बघा, मोडक्या मराठीला आपल्याकडे तीन उत्तरं मिळतात. एक, आपण हिंदीत वळतो. दोन, आपण हसतो. तीन, काहीजण हात उगारतात. तिन्ही उत्तरांचा परिणाम एकच, समोरचा माणूस मराठी शिकत नाही. फडके रोडवर भाजी घेताना भाजीवाल्याने तोंड उघडायच्या आधीच 'भैया, कितने का दिया?' म्हणायचं, आणि घरी येऊन 'डोंबिवलीत आता मराठी ऐकूच येत नाही' म्हणून उसासे टाकायचे, हे काही बरोबर जमत नाही.

तुम्ही म्हणाल, सरकारने काहीतरी करायला हवं. सरकार करतंच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, आनंदच झाला. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा आदेश निघाला, गदारोळ झाला, जूनअखेर आदेश मागे घेतला गेला. त्या विजयाचाही अनेकांना आनंद झाला. पण या दोन्ही गोष्टींनी पलावातल्या बिल्डिंगमध्ये नव्याने राहायला आलेल्या माणसाला मराठीचं एक तरी वाक्य शिकवलं का? ते वाक्य त्याला सरकार नाही शिकवणार. लिफ्टमध्ये भेटणारे तुम्ही-आम्हीच शिकवणार.

साधनं नाहीत असंही नाही. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने 'माय मराठी' नावाचा अमराठी लोकांसाठीचा अभ्यासक्रम तयार केलाय, परकी भाषा जशी शिकवतात त्या पद्धतीने. जर्मन शिकवणाऱ्यांनी तो केला यात नवल नाही. आपली भाषा नव्याने शिकणाऱ्याला कुठे अडते, ते आपल्याला दिसतच नाही. परकी भाषा शिकवणाऱ्याला दिसतं.

राहिला प्रश्न सोप्या मराठीचा. आपल्या सरकारी नोटिसांचा नमुना बघा: 'नदीकाठच्या रहिवाशांनी तात्काळ सुरक्षित स्थळी स्थलांतरित होऊन प्रशासनास सहकार्य करावे.' यात 'पाणी वाढतंय, लगेच उंच जागी जा' हे कुठे आहे? नव्या माणसाचं सोडा, दहावीतल्या मराठी मुलालाही दोनदा वाचावं लागतं. आणि पाणी आपल्याकडे काही कमी येत नाही. २००५ ची सव्वीस जुलै आहेच. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, हजाराच्या आसपास प्रवासी होते. 'गाडीतून उतरू नका' या तीन शब्दांवर तेव्हा जीव अवलंबून होते. 'प्रवाशांनी अवतरण टाळावे' म्हटलं असतं तर?

काही लोक म्हणतील, अशी भाषा सोपी केली की ती बाटते. मला नाही वाटत. ज्यांच्याकडे आदरार्थी बोलण्याचे इतके थर आहेत की त्यांची स्वतःची नवी पिढी नोकरीला लागल्यावर ते शिकते, त्या जपान्यांची भाषा बाटली नाही. सोपी जपानी हा दरवाजा आहे. आत आल्यावर पुढचं घर आहे तेवढंच मोठं आहे.

तर माझं म्हणणं अगदी छोटं आहे. कुणी मोडकं मराठी बोलायला लागला की निदान दहा वाक्यं तरी मराठीत टिकायचं. हळू बोलायचं, सोपं बोलायचं, पण भाषा बदलायची नाही. 'येतील' नाही 'येईन', हे हसण्याऐवजी उत्तरात सहज म्हणून दाखवायचं: "हो का, उद्या येणार? या, या." आणि एक, 'अरे वा, तुमचं मराठी छान आहे हो!' असं म्हणून संभाषण तिथेच संपवायचं नाही. त्याऐवजी पुढचा प्रश्न विचारायचा. गाव कोणतं, मुलं कितवीत, कांदे आज एवढे महाग का. कौतुकाने माणूस सुखावतो, पण भाषा शिकतो ती पुढच्या प्रश्नाला उत्तर देताना.

माझ्या त्या सहकाऱ्याबरोबर मी गेले दोन महिने दुपारचा चहा मराठीत घेतोय. रोज पंधरा मिनिटं. ऑफिस, क्रिकेट, पगार, सगळं मराठीत. परवा त्याने सुट्टीच्या अर्जावरून मॅनेजरच्या नावाने मराठीत पाच मिनिटं खडे फोडले, एकदाही न अडखळता. व्याकरण? निम्मं चुकीचं. पण दुःख शंभर टक्के पोचलं.

असो. सोमवारी सकाळी शेअर रिक्षात शेजारी कुणी 'भाऊ, थोडा सरकतो का' म्हणाला, तर 'हाँ हाँ, बैठो' म्हणू नका. सरका, आणि म्हणा, "बसा ना, कुठे उतरायचंय?"

चला, येतो. (जातो म्हणायचं नसतं.)